सर्व्हिसचा हक्क आणि गुणांचा हिशोब

खेळ म्हटला की लोक खेळाडूंची नावे लक्षात ठेवतात, विक्रम लक्षात ठेवतात. परंतु ज्या हिशोबावर जय-पराजय ठरतो त्या हिशोबाचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही. पिकलबॉल या खेळाची कोर्टे अलीकडे आपल्या शहरांत दिसू लागली आहेत. त्यांच्या कुंपणाबाहेर घटकाभर उभे राहिले की ‘चार, सहा, एक’, ‘सात, चार, एक’ असे आकडे कानी पडतात. नवख्या माणसाला ते कोडेच वाटते. खेळ दोन पक्षांचा, मग आकडे तीन कशाला? चेंडू जिंकूनही गुण मिळत नाही, तो का? आणि डावाच्या आरंभी ‘शून्य, शून्य, दोन’ असे म्हणतात, त्यातला तो ‘दोन’ कोणाचा? हे तीन प्रश्न क्षुल्लक दिसतात. पण त्यांची उत्तरे शोधू गेल्यास आपण अमेरिकेतील एका बेटावरून पुण्याच्या लष्करी छावणीपर्यंत आणि तेथून लंडनच्या कर्जदारांच्या तुरुंगापर्यंत जाऊन पोहोचतो.

आम्ही क्रीडापंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु करारनाम्यातील कलमे वाचण्यात उमेद गेल्यामुळे, कोणताही नियम दिसला की तो कोणाच्या बाजूला झुकतो हे पाहण्याची आम्हांला खोड जडली आहे. त्याच नजरेने आम्ही या खेळाकडे पाहिले.

प्रथम खेळाचा जन्म. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल सुट्टीत एकत्र आले होते. घरची मंडळी कंटाळली होती. आवारात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण खेळण्याचे सगळे साहित्य हाती लागेना. तेव्हा त्यांनी टेबल-टेनिसच्या बॅटी घेतल्या, भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि जाळ्यावरून तो मारावयास सुरुवात केली. चेंडू जमिनीवरून चांगला उसळतो असे दिसल्यावर ६० इंचांवरचे जाळे ३६ इंचांवर आणले. पुढे बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे मित्र त्यांना मिळाले, आणि तिघांनी बॅडमिंटनचा बराच आधार घेऊन नियम बांधले. कोर्टाचे माप तर सरळ बॅडमिंटनच्या डबल्सचेच राहिले: ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. हे प्रिचर्ड पुढे अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासद आणि त्यानंतर आपल्या राज्याचे उपराज्यपाल झाले. १९८४ साली या खेळाची अमेरिकन संघटना स्थापन झाली आणि तिने नियमपुस्तक छापले. आपल्याकडे मुंबईचे सुनील वालावलकर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हा खेळ आणला.

आता हिशोब पाहू. परंपरेने डाव ११ गुणांचा असतो आणि जिंकावयास दोन गुणांची आघाडी लागते. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच मिळतो. समोरच्या पक्षाने चेंडू जिंकला तर त्याच्या खात्यावर काही जमा होत नाही. सर्व्हिस करणाऱ्याचा हक्क तेवढा जातो. डबल्समध्ये प्रत्येक पक्षाच्या दोघांनाही पाळी मिळते. पहिल्याने चेंडू गमावला की दुसरा सर्व्हिस करतो, दुसऱ्यानेही गमावला की हक्क समोर जातो. यालाच ‘साइड आउट’ म्हणतात. म्हणून आकडे तीन. पहिला आपला, दुसरा समोरच्यांचा, आणि तिसरा आपल्यापैकी पहिला सर्व्हिस करतो आहे की दुसरा, हे सांगणारा.

एक उदाहरण घेऊ. सर्व्हिस करणारा ‘चार, सहा, एक’ म्हणाला आणि चेंडू हरला. आता त्याचा जोडीदार म्हणेल, ‘चार, सहा, दोन’. तोही हरला. आता सर्व्हिस समोरच्यांकडे गेली आणि ते आपल्या बाजूने म्हणतील, ‘सहा, चार, एक’. दोन चेंडू झाले, गुण मात्र कोणालाच मिळाला नाही. तिसरा चेंडू सर्व्हिस करणाऱ्यांनी जिंकला, की ‘सात, चार, एक’.

राहिला आरंभीचा ‘दोन’. ज्यांच्याकडे पहिली सर्व्हिस आहे त्यांना दोन्ही पाळ्या मिळाल्या, तर समोरच्यांना एकही संधी मिळण्यापूर्वी ते बरेच पुढे जाऊ शकतील. म्हणून डावाच्या पहिल्या खेपेस त्यांच्यापैकी एकालाच सर्व्हिस देतात, आणि तो जणू दुसराच आहे असे धरून ‘शून्य, शून्य, दोन’ म्हणतात. नाणेफेकीने मिळालेला लाभ अर्धा कापण्याची ही तजवीज होय. जुन्या बॅडमिंटनच्या डबल्समध्ये नेमकी हीच तजवीज होती.

या हिशोबात आम्हांला विशेष आवडलेली गोष्ट निराळीच आहे. गुण मिळाला की सर्व्हिस करणारे दोघे आपसांत उजवी-डावी बाजू बदलतात. समोरचे मात्र हलत नाहीत. त्यामुळे डावाच्या आरंभी जो खेळाडू उजवीकडे होता, तो आपल्या पक्षाचे गुण सम असताना उजवीकडेच असतो आणि विषम असताना डावीकडे. म्हणजे तोंडाने सांगितलेला एक हिशोब आणि पायांनी दाखविलेला दुसरा! दोन्ही जुळले नाहीत तर कोठे तरी चूक आहे. चांगला फडणीस जमा आणि खर्च दोन्हीकडून ताळा घेतो, तसाच हा ताळा. मोहल्ल्यातील खेळाला पंच नसतो. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही हे ज्याच्या बाजूला तो पडला त्यानेच प्रामाणिकपणे सांगावयाचे असते, आणि प्रत्येक सर्व्हिसपूर्वी सर्वांना ऐकू जाईल असा हिशोब मोठ्याने वाचावयाचा असतो. पगारपत्रक चार लोकांत वाचून दाखविले की तंटे निम्मे होतात, हा आमच्या चळवळीतला अनुभव आहे. येथे तो नियमच होऊन बसला आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. चेंडू जिंकणाऱ्याला गुण का नाही? ही कल्पना बेनब्रिज बेटावर जन्मली नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या फ्लीट व किंग्ज बेंच या तुरुंगांत कर्ज न फेडलेल्या लोकांना डांबून ठेवीत. तेथील उंच भिंतीवर चेंडू मारण्याचा रॅकेट्स हा खेळ त्या कैद्यांत लोकप्रिय होता. त्याचा डाव १५ गुणांचा आणि गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच. सर्व्हिस ज्याच्या हाती तो ‘हँड-इन’ आणि दुसरा ‘हँड-आउट’. कर्ज फिटेपर्यंत बाहेर पडावयाचे नाही, अशा माणसांना डाव लांबला म्हणून काय बिघडणार होते?

मेजर विंगफील्ड यांनी १८७४ साली लॉन टेनिसचे जे नियम प्रसिद्ध केले त्यांतही हीच पद्धत होती. १८७७ साली विंबल्डनच्या पहिल्या स्पर्धेच्या वेळी ती सोडून जुन्या दरबारी टेनिसची १५, ३०, ४० ही मोजणी घेतली गेली. बॅडमिंटनने मात्र सर्व्हिसचा हक्क कायम ठेवला. या बॅडमिंटनच्या नियमांचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, त्याचे आरंभीचे नियम तेथे बांधले गेले आणि काही काळ खेळाचे नावच ‘पूना’ असे होते. त्याच दशकात, १८७५ साली, त्याच पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. छावणीत खेळाचे नियम ठरत होते आणि शहरात लोक एकत्र बसून विचार ऐकावयास शिकत होते. सर्व्हिस असेल तरच गुण, ही बॅडमिंटनमधली रीत पुढे शंभर वर्षांच्या आत समुद्रापलीकडे बेनब्रिजला पोहोचली, असे म्हणावयास हरकत नाही.

या रीतीचा अर्थ आमच्यासारख्या माणसाला चटकन उमगतो. कारखान्यात नवी युनियन निघते तेव्हा पहिला लढा बहुधा पगारवाढीचा नसतो, मान्यतेचा असतो. तो जिंकला तरी त्या दिवशी कोणाच्या पाकिटात एक पैसाही जास्त पडत नाही. मालकासमोर बसून मागणी मांडण्याचा हक्क तेवढा मिळतो. मोबदला त्यानंतरच्या लढ्यात. साइड आउटची पद्धत नेमकी अशी आहे. आधी हक्क मिळवा, मग लाभ. म्हणूनच तिच्यात पिछाडीला असलेला पक्ष सहजासहजी मरत नाही. समोरचे दहावर असले तरी, त्यांची सर्व्हिस मोडीत राहिले तर त्यांना अकरावा गुण मिळत नाही, आणि तोवर आपण एकेक करीत वर चढू शकतो.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घड्याळ या पद्धतीच्या आड आले. टेनिसमध्ये १९७० साली अमेरिकन स्पर्धेने टायब्रेक स्वीकारला. तरीही २०१० साली विंबल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला आणि शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत अखेरच्या सेटलाही टायब्रेक आहे. व्हॉलीबॉल आमच्या पिढीने तरुणपणी जुन्याच रीतीने खेळला: १५ गुणांचा सेट, सर्व्हिस नसेल तर गुण नाही. त्या खेळाच्या जागतिक संघटनेने १९९८ साली प्रत्येक चेंडूला गुण आणि २५ गुणांचा सेट असा निर्णय केला. २००६ साली बॅडमिंटननेही १५ गुणांची जुनी पद्धत सोडून प्रत्येक चेंडूला गुण देणारा २१ चा डाव घेतला. कारण उघड आहे. जुन्या पद्धतीत डाव किती वेळ चालेल याला वरची मर्यादा नाही. नव्या पद्धतीत ४० चेंडूंत फार तर २०-२० होणार. वेळेचा अंदाज बांधता येतो, आणि ज्याचा अंदाज बांधता येतो ते दूरचित्रवाणीला विकता येते.

आता हाच वाद पिकलबॉलच्या दाराशी आला आहे. २०२१ साली सुरू झालेल्या मेजर लीग पिकलबॉल या अमेरिकन सांघिक स्पर्धेने प्रत्येक चेंडूला गुण देणारी २१ ची पद्धत वापरली. पण येथे एक अडचण आहे, ती ध्यानात घेतली पाहिजे. टेनिसमध्ये सर्व्हिस हे शस्त्र असते. पिकलबॉलमध्ये तसे नाही. चेंडू खालून मारावा लागतो. शिवाय सर्व्हिस आणि तिचे उत्तर हे दोन्ही चेंडू एकेक टप्पा पडू देऊनच मारावयाचे, असा नियम आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारे मागे अडकून पडतात आणि समोरचे आधी जाळ्याजवळ पोहोचतात. म्हणजे चेंडू जिंकण्याचा संभव बहुधा सर्व्हिस नसलेल्यांकडे झुकलेला. जुन्या पद्धतीत ही गोष्ट तोलली जाई: ज्याला सोपे त्याला गुण नाही, ज्याला गुण त्याला कठीण. प्रत्येक चेंडूला गुण दिला की हा तोल जातो. म्हणूनच नव्या पद्धतीच्या एका प्रकारात शेवटचा, विजयाचा गुण तरी स्वतःच्या सर्व्हिसवरच मिळवावा लागेल, असे बंधन घातले गेले. एक कलम बदलले की दुसरे कलम जोडावे लागते, हा करारनाम्यांचा धर्म खेळालाही चुकला नाही.

तथापि नव्या पद्धतीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सार्वजनिक कोर्ट एक आणि बाहेर थांबलेली माणसे बारा, अशा ठिकाणी कधी संपेल ते ठाऊक नसलेला डाव हा थांबलेल्यांवर अन्याय आहे. रांगेतल्या माणसाचा वेळ खेळणाऱ्याच्या वेळेइतकाच मोलाचा. त्याच्यासाठी डाव आखडता घेतला तर तो न्याय आहे. जाहिरातदाराच्या सोयीसाठी घेतला तर तो सौदा आहे. नियमाचे शब्द दोन्हीकडे तेच असतील, म्हणून नुसते शब्द वाचून भागत नाही. बदल कोणी मागितला, कोणाला विचारून केला आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

आमचा कौल विचाराल तर एवढाच: जुनी पद्धत पवित्र नाही आणि नवी पापी नाही. ज्या मैदानावर माणसे जास्त आणि जागा थोडी, तेथे खेळणाऱ्यांनी आणि थांबलेल्यांनी मिळून खुशाल प्रत्येक चेंडूला गुण द्यावा. जेथे वेळ आहे तेथे मात्र ‘आधी हक्क, मग लाभ’ ही शिस्त अनुभवून पाहावी. हरत आलेल्या माणसाला ती उभे राहावयास शिकविते. आणि पद्धत कोणतीही असो, सर्व्हिस करण्यापूर्वी आकडे स्पष्ट व मोठ्याने सांगण्याची रीत कोणीही सोडू नये. जो हिशोब सर्वांना ऐकू येतो त्यावरच दोन्ही पक्षांचा विश्वास बसतो, आणि असा विश्वास असेल तेथेच हरलेला माणूसही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास येतो.