निवळी, तुरटी आणि क्लोरीन

साष्टींतील गोडदेव हें जुनें गांव आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, व उल्हास नदीचें शुद्ध केलेलें पाणी तेथें नळानें येतें. या पाण्याच्या क्लोरीनविषयीं शंका घेणाऱ्यांस जुन्या ग्रंथांचा दाखला देण्याची संवय असते. म्हणून तो दाखला काय सांगतो हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वैद्यकाच्या पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा ४५ वा अध्याय परिचित आहेच. बिघडलेलें पाणी अग्नीवर कढवावें, उन्हांत तापवावें, किंवा तापलेला लोखंडी गोळा त्यांत विझवावा, असें तेथें सांगितलें आहे. गढूळ पाणी निवळण्याचीं सात साधनें निराळीं दिलीं असून त्यांत कतक, म्हणजे आपली निवळी, व गाळावयाचें वस्त्र हीं येतात. निवळणें व निर्दोष करणें हीं दोन कर्में ग्रंथकारानें वेगळीं ठेविलीं आहेत.

इ. स. १९०८ मध्यें अमेरिकेंत जर्सी सिटी येथें नगराच्या पाण्यास नित्य क्लोरीन देणें सुरू झालें. या रीतीच्या प्रसारानें विषमज्वर व पटकी यांस मोठा आळा बसला. पुढें १९७४ मध्यें रॉटरडॅमचे रसायनज्ञ योहानेस रूक यांनीं दाखविलें कीं, कुजलेल्या पाल्यापासून पाण्यांत उतरलेल्या द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मादि ट्रायहॅलोमिथेनें उत्पन्न होतात. असें पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग कांहीं अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. कार्यकारणभाव मात्र निर्विवाद ठरलेला नाहीं. भारतीय मानक १०५०० (२०१२) यांत क्लोरोफॉर्म लिटरमागें ०.२ मिलिग्रॅमहून अधिक नसावा असें आहे, व क्लोरीन दिलेल्या पाण्यांत नळाशीं ०.२ मिलिग्रॅमहून कमी मुक्त क्लोरीन नसावा असेंही आहे.

म्हणजे क्लोरीन सोडणें हा उपाय नव्हे. पटकीचें भय निश्चित, तर दुसरें संभाव्य. पाणी आधीं तुरटीनें निवळून, वाळूंतून गाळून, मग त्यास क्लोरीन दिला असतां हीं उपद्रव्यें कमी निपजतात. एक कर्म दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं, एवढाच सुश्रुताच्या भेदाशीं याचा मेळ आहे. प्राचीनांस ट्रायहॅलोमिथेनें ठाऊक होतीं असें म्हणणें संशोधन नव्हे. आणि त्यांच्या आधारें नळाचा क्लोरीन बंद करा म्हणणें तर ग्रंथाचा विपर्यास होय.

साष्टीकडील बाडांत निवळीच्या वापराच्या नोंदी आढळल्यास संग्राहकांनीं त्या प्रसिद्धीस द्याव्या, अशी विनंति आहे.