महाराष्ट्रातील सार्वत्रिक आरोग्य संरक्षण

महाराष्ट्रातील सार्वत्रिक आरोग्य संरक्षण ही राज्यातील रहिवाशांना, उत्पन्नाची अट न ठेवता, गंभीर आजारांवरील रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळावेत यासाठी उभारलेली शासकीय व्यवस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा तिचा मुख्य आधार असून ही योजना केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी संलग्न आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांपर्यंत वाढविण्यात आली. विस्तारित योजनेची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

पार्श्वभूमी

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भारतात प्रथम ठळकपणे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात मांडले गेले. प्रत्यक्षात मात्र उपचारांचा मोठा भार रुग्णांच्या कुटुंबांवरच राहिला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात नागरिकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. असा खर्च अचानक उद्भवतो. त्यासाठी कर्ज काढावे लागते, दागिने गहाण पडतात, प्रसंगी जमीनही विकावी लागते. म्हणून आरोग्यखर्चाचा प्रश्न हा दारिद्र्याचाही प्रश्न ठरतो.

योजनेची वाटचाल

राज्यात १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यात मोजक्याच दुर्धर आजारांचा समावेश होता. आंध्र प्रदेशातील आरोग्यश्री योजनेच्या (२००७) धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू करण्यात आली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर हे ते जिल्हे होत. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. तिच्यात ९७२ उपचारपद्धती होत्या व प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाख रुपयांचे संरक्षण होते; मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ही मर्यादा अडीच लाख होती.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेसह एकत्रितपणे राबविली जाऊ लागली. कोविड साथीच्या काळात, २३ मे २०२० च्या शासन निर्णयाने, राज्यातील सर्व नागरिकांना तिचा लाभ तात्पुरता खुला करण्यात आला. सर्वांसाठी उत्पन्नाची अट प्रथम शिथिल झाली ती याच वेळी. २०२३ च्या निर्णयाने हे सार्वत्रिक स्वरूप कायम केले, संरक्षण पाच लाख रुपये केले आणि उपचारांची संख्या १३५६ ठरविली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख रुपये झाली.

कार्यपद्धती

रुग्णाने शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट झालेल्या, रुग्णालयात जावयाचे असते. तेथील आरोग्यमित्र नोंदणीस साहाय्य करतो. रुग्णालय उपचारांसाठी ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करता येतात. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. त्या दरात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णाचे भोजन, परतीचा प्रवासखर्च आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची सेवा अंतर्भूत असते. योजनेचे संचालन राज्य आरोग्य हमी सोसायटी करते.

खर्च भागविण्याचे पर्याय

अशा व्यवस्थेसाठी सामान्यतः तीन पर्याय विचारात घेतले जातात.

विमा पद्धती : शासन प्रतिकुटुंब हप्ता भरते व दावे विमा कंपनी चुकविते. शासनाचा खर्च आधी निश्चित होतो. परंतु दावे कमी आल्यास उरलेल्या रकमेचा प्रश्न येतो, आणि दावे नाकारण्यात कंपनीचे हित असू शकते.

हमी पद्धती : शासनाने स्थापन केलेली संस्था रुग्णालयांना थेट पैसे देते. नफ्याचा वाटा वाचतो. मात्र दाव्यांची छाननी, गैरव्यवहारांना आळा व वेळेवर देयके देणे ही सर्व जबाबदारी शासनावर येते.

थेट तरतूद : करांतून मिळणारा पैसा शासकीय रुग्णालयांवरच खर्च करून तेथे विनामूल्य सेवा देणे. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये करांवर आधारित वित्तपुरवठ्याची शिफारस केली होती आणि विमा कंपन्यांमार्फत सेवा विकत घेण्यास विरोध दर्शविला होता.

महाराष्ट्राने २०२० मध्ये पहिल्या दोन पद्धतींचा संमिश्र मार्ग स्वीकारला. त्यानुसार दीड लाखापर्यंतचा खर्च विमा तत्त्वावर आणि त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा खर्च हमी तत्त्वावर भागविला जाई. तिसऱ्या पर्यायाशी निगडित पाऊल म्हणून १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले.

नंदुरबार जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला नंदुरबार जिल्हा या व्यवस्थेच्या दृष्टीने कसोटीचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धुळे पहिल्या टप्प्यातील जिल्हा होता. नंदुरबारला मात्र योजना २०१३ च्या विस्तारात मिळाली. पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये याच जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे देण्यात आला. आज योजनेच्या लाभासाठी ओळख पटविण्यात आधारचा उपयोग होतो.

येथील अडचण ओळखपत्रापेक्षा अंतराची अधिक आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले आहेत. नर्मदाकाठच्या काही गावांत आरोग्यसेवा पोहोचविण्यासाठी बोटीचा वापर करावा लागतो. जिल्हा रुग्णालय नंदुरबार शहरात आहे व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. परराज्यात आजारपण आले तर राज्याच्या योजनेचा आधार त्यांना सहज मिळत नाही.

मर्यादा

योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांपुरती आहे. बाह्यरुग्ण तपासणी, नेहमीची औषधे आणि प्राथमिक सेवा तिच्यात येत नाहीत. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कुपोषण, रक्तक्षय व सिकलसेल हे आजार गंभीर आहेत. त्यांवरील बरेचसे काम प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र यांच्यावरच अवलंबून असते. उपचारांचा खर्च कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर योजनेने बऱ्याच अंशी दिले आहे. उपचार देणारा डॉक्टर रुग्णाच्या आवाक्यात असेल का, हा प्रश्न मात्र देयकांच्या कोणत्याही पद्धतीने आपोआप सुटत नाही.

हेही पाहा

आयुष्मान भारत योजना
भोर समिती
नंदुरबार जिल्हा
प्राथमिक आरोग्य केंद्र