'हर्ट' म्हणजे नेमकं काय?

बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं, एखाद्याला मार लागतो आणि त्याला दवाखान्यात आणलं जातं. आमच्या फैजपूर भागात अशा वेळी नातेवाइकांची पहिली विनंती ठरलेली: "डॉक्टरसाहेब, सर्टिफिकेटवर 'गंभीर' लिहा."

पण हा शब्द डॉक्टरच्या मर्जीचा नाही.

इंग्रजीतलं 'हर्ट' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं. मूळ अर्थ धडक मारणे. पुढे मन दुखावण्यालाही ते वापरलं जाऊ लागलं. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार केला. कायदा १८६० मध्ये मंजूर झाला आणि १८६२ पासून लागू झाला. त्यातल्या कलम ३१९ ने 'हर्ट' शरीरापुरता ठरवला: शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता निर्माण करणे. मराठीत आपण त्याला दुखापत म्हणतो. म्हणजे रक्त आलंच पाहिजे असं नाही.

कलम ३२० मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. डोळा किंवा कान कायमचा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, जिवाला धोका होणं हे त्यांतले काही. वीस दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीरच.

गंमत पाहा, हाड मोडण्याचा निकष १८६० चा आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ चा! तेव्हा डॉक्टर हाताने चाचपून ठरवत. आज एक्स-रेत दिसणारी बारीक चीरही महत्त्वाची ठरते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता ही कलमं ११४ आणि ११६ आहेत. वीस दिवसांचे पंधरा झाले. मुद्दाम केलेल्या साध्या दुखापतीला सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंत, तर गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून एका चुकीच्या शब्दाने कुणावर तरी अन्याय होतो, कधी मार खाणाऱ्यावर, कधी आरोपीवर.

तेव्हा 'गंभीर लिहा' म्हणू नका. काय काय होतंय ते सगळं सांगा. कानाखाली बसल्यावर ऐकू कमी येतंय का? दात हलतोय का? लाजेपोटी लपवू नका. दुखणं थांबलं नाही तर पुन्हा दाखवायला या, म्हणजे तारखेसह नोंद होईल. केसपेपर जपून ठेवा.