वाळवंटातले लष्कर

मागल्या हिवाळ्यात पुतण्याने घरासारखी सजवलेली मोटार भाड्याने घेतली आणि आम्ही जयपूरहून नागौरला निघालो. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. दुसऱ्याच दिवशी टाकी कोरडी! पुतण्या वैतागला. म्हटले, "अरे, इथे मराठ्यांची फौज वर्षभर तंबूत राहिली."

१७५४ मध्ये जयाप्पा शिंद्यांनी विजयसिंह राठोडाला नागौरच्या किल्ल्यात कोंडले. जुलै १७५५ मध्ये मारेकऱ्यांनी जयाप्पांना छावणीतच ठार केले. भाऊ दत्ताजींनी वेढा मात्र उठवला नाही. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे.

पुढे दौलतराव शिंद्यांची छावणीही १८०९ साली राजपुतान्यात फिरत होती, बाजारासकट. बरोबर असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. १८१० मध्ये हे चालते गाव ग्वाल्हेरपाशी थांबले. त्या वस्तीला आजही लष्कर म्हणतात.

पुण्यातले आमचे घरही लष्करातलेच. माझे पणजोबा तिथे गोऱ्या पलटणीला पखालीने पाणी पुरवीत. घरात हे कुणी सांगत नसे, लाज वाटे. नागौरच्या वेढ्यात पाणी वाहणाऱ्यांची नावेही मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

ताऊसरजवळ टाकी भरताना मी हे पुतण्याला सांगितले. त्याने विचारले, "चाचा, त्यांचं नाव काय होतं?"

मला ते ठाऊक नव्हते.