सहा दिवसांचा विजय आणि दहा वर्षांची तयारी

आजच्या विषयाला आरंभ एका तहापासून करतो. १७ एप्रिल १८९५ रोजी शिमोनोसेकी या जपानी बंदरात चीनच्या वतीने ली हुंग-चांग यांनी आणि जपानच्या वतीने पंतप्रधान इतो व परराष्ट्रमंत्री मुत्सु यांनी सह्या केल्या. कोरियावरील चीनचे वर्चस्व संपले, फोर्मोसा बेट जपानला मिळाले, वीस कोटी टेल चांदीची खंडणी ठरली. आणि मांचुरियाच्या दक्षिण टोकाचा लिआओतुंग द्वीपकल्प, पोर्ट आर्थरसह, जपानच्या पदरात पडला. टोकिओत आनंदीआनंद झाला. तो सहा दिवस टिकला.

२३ तारखेला रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांचे वकील जपानच्या परराष्ट्र खात्यात एकापाठोपाठ एक येऊन दाखल झाले. तिघांचाही 'मित्रत्वाचा सल्ला' एकच : लिआओतुंग परत करा, पूर्वेकडील शांततेला ते घातक आहे. या मित्रत्वामागे चिनी समुद्रातील रशियाच्या लढाऊ जहाजांचा वास होता, हे सांगावयास नको.

आता विचार करा. चाळीस वर्षांपूर्वी, १८५३ साली, कॉमोडोर पेरीच्या चार अमेरिकन जहाजांपुढे ज्या देशाला आपली दारे उघडावी लागली, ज्याच्या भूमीवर परदेशी माणसाने गुन्हा केला तर त्याचा न्याय त्याच्याच वकिलाने करावयाचा अशी स्थिती होती, त्या देशाने स्वतःच्या बळावर एक लढाई जिंकली होती आणि हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला जात होता. सैन्याचा उत्तम भाग समुद्रापलीकडे, आरमार दमलेले. इतोंनी हिरोशिमा येथे बादशहासमोर तीन मार्ग ठेवले : सल्ला झिडकारावा, राष्ट्रांची परिषद बोलवावी, किंवा मोठ्या मनाने मुलूख परत द्यावा. मुत्सु त्या वेळी क्षयाने अंथरुणाला खिळले होते. परिषदेला त्यांचा सक्त विरोध. एकदा परिषद भरली की लिआओतुंगच काय, सगळा तहच चर्चेला येईल, हे त्यांनी ओळखले. त्यांचे मत पडले, की तिघांपुढे नमावे, पण चीनपुढे एक पाऊलही मागे घेऊ नये. तसेच झाले. मुलूख गेला, त्याबद्दल आणखी तीन कोटी टेल मिळाले, आणि बाकीचा तह शाबूत राहिला. मला विचाराल तर पुढील साऱ्या लढायांपेक्षा आजारी माणसाचा हा निर्णय मोठा आहे. मात्र त्याच्या नावाची मिरवणूक कोणी काढली नाही.

जपानी वृत्तपत्रांनी एक जुनी चिनी म्हण उचलली : सरपणावर निजायचे आणि पित्त चाखायचे. अपमान विसरू नये म्हणून एका राजाने अंगाला लावून घेतलेली ही शिस्त. पण सरकारने नुसती म्हण घोकली नाही. खंडणीचा मोठा भाग लष्कर आणि आरमार यांच्याकडे वळला. सहा मोठ्या युद्धनौका व सहा चिलखती क्रूझरे यांची योजना आखली गेली. त्यातली 'मिकासा' इंग्लंडात बॅरो येथे व्हिकर्सच्या गोदीत बांधली. १८९७ साली सुवर्णचलन आले, १९०१ साली यावाता येथे पोलादाची भट्टी पेटली. इकडे रशियाने १८९८ साली तेच पोर्ट आर्थर स्वतः पंचवीस वर्षांच्या पट्ट्याने घेतले! शांततेची काळजी कुठे गेली, हे कोणी विचारले नाही.

उणीव राहिली होती ती मित्राची. १८९५ मध्ये जपान एकटा होता, हेच तर खरे दुखणे. इतोंना रशियाशीच समजूत व्हावी असे वाटे आणि १९०१ च्या अखेरीस ते सेंट पीटर्सबर्गला गेलेही; पण ३० जानेवारी १९०२ रोजी लंडनमध्ये इंग्लंडशी करार झाला. एका शत्रूशी लढाई जुंपली तर दुसऱ्याने तटस्थ राहावे, दोन शत्रू झाले तर मदतीस यावे, हे त्याचे सार. म्हणजे पुन्हा तिघे मिळून दाराशी आले तर यावेळी दुसऱ्या बाजूला इंग्रजी आरमार उभे असणार होते.

८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री पोर्ट आर्थरवर हल्ला झाला. युद्धाची घोषणा दोन दिवसांनी. पुढील लढाया सर्वांच्या तोंडी आहेत. मुकडेन आणि त्सुशिमा यांविषयी मी बोलत नाही. मला बोलायचे आहे ते पैशाविषयी. बँक ऑफ जपानचे दुय्यम गव्हर्नर ताकाहाशी एक कोटी पौंडांचे कर्ज काढण्यासाठी लंडनला गेले, तर तेथील पेढीवाले निम्म्याच रकमेला तयार झाले. उरलेली निम्मी न्यूयॉर्कच्या जेकब शिफ यांनी उचलली. झारच्या राज्यात ज्यूंचे जे हाल होत त्याचा त्यांना संताप होता. तारण म्हणून जपानने जकातीचे उत्पन्न लिहून दिले. मुकडेन जिंकल्यावर सेनापती कोदामा स्वतः टोकिओला आले आणि आता तह करा म्हणून सरकारच्या मागे लागले, याचे कारण यातच आहे. माणसे आणि पैसा दोन्ही संपत आले होते.

ही गोष्ट जनतेला मात्र कोणी सांगितली नव्हती. तिने विजयांमागून विजयच ऐकले होते. ५ सप्टेंबर १९०५ रोजी पोर्ट्समथला तह झाला. कोरियात मोकळा हात, पोर्ट आर्थर आणि साखालिनचा दक्षिण भाग मिळाला, पण खंडणीचा एक रुबलही नाही. त्याच दिवशी टोकिओच्या हिबिया बागेत जमाव उसळला, पोलीस चौक्या जळाल्या, लष्करी कायदा पुकारावा लागला. वाटाघाटी करणारे कोमुरा यांना घरी शिव्या मिळाल्या. सत्य शत्रूपासून लपवावे लागते हे मान्य. पण ते स्वकीयांपासूनही लपविले की त्याचे व्याज असे भरावे लागते.

आणि जाता जाता आपल्या घरची एक गोष्ट. आशियाई राष्ट्राने युरोपियन साम्राज्याला हरविले म्हणून हिंदुस्थानातील वृत्तपत्रांना आनंदाचे भरते आले होते. वंगभंगाचेच ते वर्ष. त्याच वर्षी १२ ऑगस्टला इंग्लंड-जपान कराराचे नूतनीकरण झाले. त्यात कोरियावरील जपानचे वर्चस्व इंग्लंडने मान्य केले; आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळ आपल्या साम्राज्याच्या रक्षणासाठी इंग्रजांना योग्य वाटेल ते करण्याचा हक्क जपानने मान्य केला. १९१० साली कोरिया जपानने गिळला.