घरगुती शिवणकाम व कापडाचा घरसाठा

घरातील माणसांचे कपडे घरीच बेतून शिवणे आणि त्यासाठी लागणारे कापड हळूहळू जमवून जपून ठेवणे, या परस्परांवर अवलंबून असलेल्या दोन व्यवहारांना मिळून घरगुती शिवणकाम म्हणता येते. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक कापड आणि कपड्याची कल्पना या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन येते. तयार कपड्यांच्या कारखान्यात मापांचे ठरावीक संच आधी निश्चित होतात आणि कापड त्यांच्या हिशेबाने तागेच्या तागे मागवले जाते. घरात मात्र बहुधा कापड आधी येते आणि त्याचे काय करायचे हे नंतर, कधी कधी काही वर्षांनी, ठरते. हातात असलेले कापड लांबीला, रुंदीला आणि पोताला जेवढे परवानगी देईल तेवढाच कपडा त्यातून निघतो, म्हणून घरगुती शिवणकामातील खरे कौशल्य टाक्यापेक्षा बेतण्यात असते. ‘बेतणे’ म्हणजे मापाप्रमाणे कापड आखून कापणे. मराठीत योजनेला ‘बेत’ आणि जेमतेम पुरणाऱ्या गोष्टीला ‘बेताची’ म्हणतात, आणि शिवणाऱ्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात.

महाराष्ट्रातील जुना पोशाख मोठ्या प्रमाणात न शिवलेला होता. धोतर, उपरणे, मुंडासे आणि नऊवारी लुगडे यांना कात्री लागत नसे. शिवण लागे ती चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा, मुलींचे परकर-पोलके आणि तान्ह्या मुलांची अंगडी-टोपडी व कुंच्या यांना. यांपैकी अंगरख्यासारखे कपडे शिंपी शिवत असत. शिवण हा शिंपी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता व संत नामदेव (१२७०–१३५०) यांचा जन्म याच समाजात झाला. मुलांचे कपडे, दुपटी आणि गोधड्या मात्र घरातील बायकांच्या हातशिवणीचा भाग होत्या. नवजात बाळाला कोरे कापड न घालता घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराचे किंवा लुगड्याचे झबले शिवून घालण्याची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. कोऱ्या कापडातील खळ, म्हणजे विणकामाच्या वेळी सुताला लावलेली पेज, कोवळ्या कातडीला बोचते, हे तिच्यामागील साधे व योग्य कारण आहे.

या कामाचे स्वरूप शिवणयंत्राने पालटले. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये एका दोऱ्याने साखळीटाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले होते, परंतु साखळीटाका एका टोकाला सुटला की भराभर उसवत जातो. अमेरिकेतील एलियस हाउ याने १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात दोन दोरे वापरले होते: वरचा दोरा सुईतून कापडाखाली जातो, तेथे त्याचा लहानसा फास होतो, त्या फासातून खालच्या दोऱ्याचे शटल पार होते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीतच एकमेकांत अडकतात. वरचा व खालचा ताण सारखा असेल तर टीप दोन्ही बाजूंनी एकसारखी दिसते; एका बाजूला दोरा सरळ पडून गाठी दिसू लागल्या तर दोष बहुधा ताणात असतो, आणि यंत्राला दोष देण्याआधी सुई व बॉबिन तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या कंपनीने पुढे हप्त्यांनी विक्री सुरू केल्यामुळे सामान्य उत्पन्नाच्या घरातही यंत्र येऊ शकले. भारतात ही यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचली, आणि १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र तयार करायला सुरुवात केली. यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मधील एका संवादात शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून अपवाद केले होते. घरात बसून केलेल्या कष्टाचा भार ते हलका करते आणि माणसाला कामावरून हुसकत नाही, असा त्यामागील विचार होता.

यंत्राबरोबर शिक्षणही आले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणाला स्त्रियांच्या स्वावलंबनाच्या शिक्षणात स्थान दिले, मुलींच्या शाळांत शिवण हा विषय आला, आणि पुढे महिला मंडळांच्या शिवणवर्गांतून कर्तन व शिवण यांचे पाठ गावोगाव पोहोचले. या वर्गांची मोठी देणगी म्हणजे तोंडी चालत आलेल्या अंदाजाला त्यांनी कागदावरच्या आखणीचे रूप दिले. छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात ढिलाई मिळवणे, गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी धरणे, अशी प्रमाणे वहीत उतरली आणि तपकिरी कागदावर कापून ठेवलेले आराखडे बहिणीबहिणींत, जावाजावांत फिरू लागले. पाश्चात्त्य देशांत ही गरज छापील आराखड्यांनी भागवली: अमेरिकेतील एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी आराखडे विकायला काढले आणि जर्मनीतील ‘बुर्डा’ मासिकाने १९५० च्या दशकात अंकासोबतच आराखड्यांचे तक्ते देण्याची प्रथा रूढ केली. मराठी घरांत असे छापील आराखडे फारसे रुजले नाहीत. येथे अंगावर नीट बसलेला जुना कपडा उसवून त्याच्या तुकड्यांवरून नवा बेतणे हाच सर्वांत विश्वासाचा मार्ग राहिला, आणि तो आजही नवशिक्यासाठी उत्तम आहे.

कापडाचा घरसाठा महाराष्ट्रात प्रामुख्याने विकत घेऊन वाढत नाही, तो येत राहतो, ही गोष्ट त्याचा विचार करताना ध्यानात घ्यावी लागते. ओटी भरताना नारळ-तांदळांबरोबर खण दिला जातो. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात मानपान म्हणून ब्लाउजपीस, शर्टपीस आणि साड्या येतात. चैत्रातल्या हळदीकुंकवातून, देवीच्या दर्शनातून आणखी काही खण घरी येतात. खण म्हणजे मूळचे चोळीचे कापड, काठ असलेले व बारीक नक्षीचे, आणि त्यासाठी उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्ड हे गाव विशेष प्रसिद्ध आहे. आज ओटीत येणारा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीचा असतो आणि पुष्कळदा तो न शिवताच पुढच्या घरी ओटीतून जातो. या फिरत्या कापडाकडे उपचार म्हणून पाहून सोडून देणे हे त्याच्यावर अन्याय करणे आहे: तीन-चार ब्लाउजपीस रंग जुळवून एकत्र केले तर लहान मुलीचा कळ्यांचा परकर होतो, दोनांतून उशीचे अभ्रे होतात, आणि खणाच्या काठाची पट्टी साध्या सुती कुर्त्याच्या गळ्याला व बाहीला लावली तर त्या कुर्त्याला वेगळी शोभा येते.

विकत घेतलेल्या कापडाचा ओघ बाजारपेठेच्या ठेवणीवर अवलंबून राहिला आहे. मुंबईत मुळजी जेठा व मंगळदास मार्केट आणि दादरचा हिंदमाता परिसर, पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि अस्तर, लेस, बटणे यांसाठी तुळशीबाग, ही शिवणाऱ्यांची नेहमीची ठिकाणे होत. गिरण्या चालू होत्या तोवर त्यांच्या स्वतःच्या विक्रीदुकानांतून किरकोळ दोषाचे कापड कमी दराने मिळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईचा कापडधंदा खचला आणि हा झराही आटत गेला. त्याच सुमारास तयार कपडे स्वस्त व सर्वत्र उपलब्ध होऊ लागल्याने घरी शिवण्याचा आर्थिक आधार कमी झाला. तागा संपताना उरलेला शेवटचा तुकडा, ज्याला बाजारात ‘कटपीस’ म्हणतात, हा मात्र विकत घेतलेल्या कापडापैकी अजूनही घरसाठ्यात सर्वाधिक भर घालणारा प्रकार आहे.

कापड घेताना लांबीइतकाच पन्हा पाहावा लागतो. पन्हा म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी. हातमागाचे व जुन्या पद्धतीचे सुती कापड पुष्कळदा ३६ इंच पन्ह्याचे, तर शर्टाचे व पॅन्टचे गिरणीचे कापड ५८ इंच पन्ह्याचे असते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर लागते आणि ५८ इंच पन्ह्याचे सुमारे दीड ते पावणेदोन मीटर पुरते, त्यामुळे दर मीटरमागे दिसणारी किंमत फसवी ठरू शकते. वजने व मापे यांच्या १९५६ च्या कायद्याने मीटर आला, तरी वार (३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर) बोलण्यातून गेलेला नाही, आणि मीटरने घेतलेले कापड इंचाच्या टेपने बेतण्याची सवय सर्वत्र दिसते. काय करायचे हे न ठरवता साठ्यासाठीच घेतलेल्या सुती कापडाची लांबी अडीच मीटर ठेवली, तर त्यातून कुर्ता, शर्ट किंवा मुलाचे दोन कपडे यांपैकी काहीही होऊ शकते. याहून कमी लांबीचे, केवळ रंगाला भुलून घेतलेले तुकडेच साठ्यात वर्षानुवर्षे पडून राहतात.

साठ्यात काय असावे हे घरातील माणसांवर ठरते, तथापि मलमल, केंब्रिक, मांजरपाट आणि अस्तराचे कापड यांना पर्याय नाही. मांजरपाट हे न धुतलेले, जाडसर, पिवळट सुती कापड आहे. महागाचे कापड कापण्याआधी त्याच आराखड्याचा कच्चा कपडा मांजरपाटात शिवून पाहिला तर चूक स्वस्तात कळते. रेयॉन व क्रेप अंगावर छान पडतात, पण बेतताना सरकतात, म्हणून हात बसेपर्यंत ते बाजूला ठेवावेत. टंचाईच्या काळात साठ्याची खरी किंमत कळली: ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपन लागू झाले व ते १९४९ पर्यंत टिकले, तर भारतात १९४३ मध्ये सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा आदेश निघून ‘स्टँडर्ड क्लॉथ’ नावाचे जाडेभरडे कापड ठरावीक दराने विकले जाऊ लागले. त्या वर्षांत जुने धोतर फाडून त्याचा परकर करणे हा काटकसरीचा नव्हे, तर गरजेचा भाग होता.

कापड साठवण्यापूर्वीच पाण्यातून काढावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, कच्चा रंग जातो, आणि खळ निघून गेल्यावरच त्याचा खरा पोत हाताला कळतो. रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवून आणि थोडे दमट असतानाच इस्त्री करून ठेवलेले कापड कोणत्याही दिवशी कात्रीखाली घेता येते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्याची दमट हवा हा साठ्याचा मोठा शत्रू आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेल्या कापडाला बुरशीचे ठिपके पडतात, ते बहुधा जात नाहीत. जुन्या सुती धोतराचे बासन, म्हणजे गुंडाळण्याचे फडके, त्यापेक्षा कितीतरी चांगले. कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून घालतात, पावसाळा सरल्यावर साठा एकदा उलगडून हवेवर ठेवतात आणि रेशमी व जरीच्या कापडाची घडी अधूनमधून बदलतात, कारण एकाच घडीवर जर काळी पडून कापड चिरते. प्रत्येक घडीला लांबी, पन्हा आणि कापडाचा प्रकार लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाचणीने लावणे हा उपाय साधा आहे, पण ज्या साठ्यात तो नसतो तेथे दर वेळी सगळे कपाट उपसावे लागते.

बेतताना कापडाच्या सुताची दिशा सांभाळणे ही पहिली अट आहे. काठाला समांतर जाणारे उभे सूत सर्वांत कमी ताणले जाते, म्हणून कपड्याची लांबी त्या दिशेने धरतात. आडवे सूत थोडे ताणले जाते. आणि दोन्हींच्या मधून तिरपे, म्हणजे ‘उरेब’, कापलेले कापड सर्वाधिक ताणते, त्यामुळे गळ्याच्या व मुंढ्याच्या वळणावर उरेब पट्टीच नीट बसते. मुंढा म्हणजे बाही जोडण्याचा घेर. कापडाला पान-फुलांची दिशा असेल किंवा चौकडी जुळवायची असेल तर नेहमीपेक्षा अधिक कापड लागते, आणि हा हिशेब विसरल्याने पुष्कळ चांगले कापड अर्ध्यावर अडकते. शिवणीच्या आत जास्तीचे सोडलेले कापड म्हणजे ‘माया’. बाजारातील तयार कपड्यात ती जेमतेम असते. घरी शिवताना बाजूच्या शिवणीत इंचभर आणि मुलांच्या कपड्यांत खालच्या दुमडीत दोन-तीन इंच माया सोडतात, म्हणजे मूल वाढले की टीप उसवून कपडाही वाढवता येतो. घरगुती शिवणाचा बाजारावरील निर्विवाद वरचष्मा या एका गोष्टीत आहे.

बेतून उरलेले कातरण हाही साठ्याचाच भाग होय. मोठ्या तुकड्यांचे खिसे, पट्ट्या व पिशव्या होतात, आणि त्याहून लहान चिंध्या गोधडीत जातात. पाश्चात्त्य देशांतील गोधडीकार एका वाराचा चौथा भाग, १८ × २२ इंच, असा नवा तुकडा मुद्दाम विकत घेतात. मराठी गोधडी किंवा वाकळ मात्र जुनी लुगडी व धोतरे एकावर एक पसरून, वरच्या थरात तुकडे जोडून आणि सर्व थरांतून हाताने धावदोरा घालून होते. वरचा थर विरला की ती टाकून न देता तिच्यावर नवे लुगडे ताणून पुन्हा धावदोरा घालतात, त्यामुळे जुन्या वाकळीच्या पोटात त्या घरातील दोन-तीन पिढ्यांचे कापड थरांनी सापडते.