रुवैसच्या धक्क्यावरून

दोह्याहून शमाल रोडने उत्तरेला निघाले की शंभरावर किलोमीटरनंतर रस्ता संपतो आणि समुद्र लागतो. तिथे अल रुवैस आहे. कतारचा नकाशा अंगठ्यासारखा दिसतो असे म्हणतात. हे गाव त्या अंगठ्याच्या नखावर वसले आहे. एक धक्का, त्याला लागलेल्या होड्या, तारेच्या जाळीचे घुमटाकार पिंजरे (मासे पकडायच्या या पिंजऱ्यांना गरगूर म्हणतात) आणि देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींत गणली जाणारी एक बैठी मशीद. लहान वस्त्यांचा वारसा, तिथले पर्यटन आणि तिथल्या माणसांचे भले यांचा एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासशाखेत तुम्ही नव्याने येत असाल, तर तुमचे स्वागत मला इथून करायचे आहे. अजिंठ्यापासून सुरुवात केली की नजर दगडावरून हलत नाही. रुवैसमध्ये पाहण्याजोगे दगड थोडे, त्यामुळे माणसांकडे बघावेच लागते.

मराठी वाचकाला हा किनारा वाटतो तितका परका नाही. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. होड्यांचे सागवान मलबारहून येई. 1966 पर्यंत कतारच्या बाजारात रुपया चालत होता. 1959 मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या. या किनाऱ्यावरची घरे, होड्या आणि उंट मोजून ठेवणारे लॉरिमरचे गॅझेटियर छापले गेले तेही कलकत्त्यात. पुढे जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार पाडला आणि बुडी मारून पोट भरणारी गावे अक्षरशः उपाशी पडली. तेलाची निर्यात 1949 मध्ये सुरू झाली. मधली वर्षे कशी काढली, ते ज्यांनी काढली त्यांनाच ठाऊक.

रुवैसच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्याने खाली गेले की झुबारा लागते. अठराव्या शतकाच्या मध्यात मोत्यांच्या जोरावर उभे राहिलेले हे शहर 1811 मध्ये जाळले गेले आणि पुढे हळूहळू वाळूखाली गेले. 2009 पासून कतारच्या संग्रहालय खात्याने कोपनहेगन विद्यापीठाबरोबर तिथे उत्खनन केले आणि 2013 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. घरांच्या जमिनीत नाल्या पाडलेल्या खोल्या सापडल्या. त्यांत खजुराची पोती रचून ठेवत, म्हणजे रस आपसूक गळून एका जागी जमे. इतक्या मोठ्या शहराला गोड पाणी मात्र नव्हते. ते आतल्या बाजूच्या मुरैरच्या विहिरींवरून आणावे लागे. गंमत अशी की बहुतेक पाहुणे 1938 मध्ये बांधलेल्या सुबक किल्ल्यासमोर फोटो काढतात आणि परततात. खरे शहर पलीकडे समुद्राजवळ पडलेले असते. जे उभे आहे तेवढेच जुने, हा आपल्या डोळ्यांचा जुनाच खोडसाळपणा आहे.

झुबारा आणि रुवैस यांच्यामधल्या किनाऱ्यावर जुमैल, अरीश, खुवैर अशी ओस गावे आहेत. प्रवाळाचा आणि किनाऱ्यावरचा दगड, मातीचा गारा, वर गिलावा अशी त्यांची घरे. खाऱ्या दमट हवेने गिलावा फुगतो आणि भिंत आतून सुटते. ही गावे कुणी उठवली नाहीत. वीज, पाणी, शाळा, दवाखाना जिथे आले तिकडे माणसे निघून गेली. 1970च्या दशकात रुवैसला लागूनच मदीनत अश-शमाल हे नवे शहर वसले. आपल्याकडे उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. जुमैलच्या पडक्या मिनाराशी गर्दी होते ती त्याच जातीची. अवशेष सुंदर दिसतात, हे खरेच. पण ज्यांची ती घरे होती त्यांनी ती सोडताना सुटकेचा निःश्वास टाकला असेल, ही शक्यता वारशाच्या अभ्यासकाने सतत खिशात ठेवावी.

या शाखेची पुस्तके तुम्हाला वेगळ्या गावांतून नेतील. 1964 ची व्हेनिस सनद वास्तू कशी जपावी ते सांगते. 1979 ची ऑस्ट्रेलियातली बरा सनद नुसत्या भिंतीवर थांबत नाही, त्या जागेला लोकांच्या लेखी काय अर्थ आहे ते आधी विचारते. फ्रान्समध्ये रिव्हिएर आणि द वारीन यांनी 1971च्या सुमारास अख्खा परिसरच संग्रहालय मानण्याची कल्पना मांडली. हे सगळे जरूर वाचा. पण त्याआधी त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’ वाचा, असा माझा आग्रह आहे. 1915 च्या त्या पुस्तकात वतने, बलुती, देणीघेणी यांतून गाव उभे राहते, आणि आत्र्यांना गावाच्या कौतुकापेक्षा त्याचा ताळेबंद हवा असतो. पर्यटनाच्या अभ्यासालाही हेच हवे आहे: पाहुण्याने दिलेला पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो?

रुवैसमध्ये हा प्रश्न विचारला की अडचण पहिल्याच शब्दापाशी येते. ‘स्थानिक’ कोण? देशाच्या लोकसंख्येत कतारी नागरिक साधारण आठव्या हिश्श्याच्या आसपास. मोती काढणाऱ्या घराण्यांची नातवंडे नव्या शहरात किंवा दोह्यात राहतात, कार्यालयांत काम करतात. समुद्रात जाणारे हात बहुतेक दक्षिण आशियातले आहेत. आजोबांच्या आठवणी एकाकडे, जाळे विणायची बोटे दुसऱ्याकडे. आणि ही बोटे व्हिसावर आहेत. करार संपला की हे कसब विमानाने घरी जाते. बहुतेक पाठ्यपुस्तके गृहीत धरतात की वारसा, कौशल्य आणि राहण्याचा हक्क हे तिन्ही एकाच माणसापाशी असतात. कोकणातही ते तसे नसते. घर चाकरमान्याचे, ते गणपतीत उघडते. बागेत राबतो तो नेपाळी गडी. आणि होम-स्टेच्या नावाने जमीन घेतो तो तिसराच. म्हणून कोकणातून येणाऱ्या विद्यार्थ्याला रुवैस पटकन कळते, असे मला वाटते.

तुलनेसाठी दोन किनारे घ्या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, ओटीवर जेवतात, पैसे त्याच घरात राहतात. कतारच्या उत्तर किनाऱ्यावर फुवैरित इथे हॉक्सबिल कासवे येतात. तिथे सरकार विणीच्या काळात किनाराच बंद ठेवते. पिल्ले दोन्हीकडे समुद्रात जातात. वेळासचा मार्ग मला अधिक आवडतो, हे लपवत नाही. पण तो मार्ग निघतो तो ज्या गावात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर चुली पेटलेल्या असतात तिथे. जिथे चुलीच दूर गेल्या तिथे कुलूप लावण्याला हसण्यात अर्थ नाही.

रुवैसलगत झुलाल नावाचे आरोग्यविश्रामगृह आहे. 2022 च्या विश्वचषकात जर्मन फुटबॉल संघ तिथेच उतरला होता (आणि साखळीतच गारद झाला). अशा जागेत पाहुणा आठवडाभर राहतो आणि धक्क्यावर एकदाही येत नाही. खोलीच्या भाड्यात गावाचा वाटा किती, हे शोधून काढणे हा एखाद्या प्रबंधाचा चांगला विषय होईल. बंदराची गोष्ट निराळी. 2015 मध्ये ते मालवाहतुकीला नव्याने खुले झाले. 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केल्यावर त्याचे महत्त्व एकदम वाढले. नोव्हेंबर 2025 मध्ये इथून बहरीनच्या मुहर्रकला प्रवासी बोट सुरू झाली. म्हणजे ज्या समुद्रावर मोत्यांच्या होड्या जात, तिथून आता पासपोर्ट घेतलेले सहलकरी येतात. त्यांना काय दाखवायचे याची घाई सुरू होईल. रंगरंगोटी केलेला मासळीबाजार, एखादी शोभेची होडी, चहाचा स्टॉल. कामाच्या बंदराला मासळीचा वास येतो आणि ते तसेच राहावे, अशी बाजू घेणारा कुणीतरी हे ठरवणाऱ्या बैठकीत असायला हवा.

अभ्यास कुठून सुरू करावा असे कुणी विचारले तर मी एकच काम सांगतो. लॉरिमरने होड्या मोजल्या, तुम्ही शब्द गोळा करा. ओहोटीच्या वेळी धक्क्यावर बसा आणि वही उघडा. गरगूर पूर्वी खजुराच्या झावळ्यांचे विणत, आता तारेचे. त्याच्या तोंडाला, तळाला, गाठीला, वजनासाठी बांधलेल्या दगडाला म्हातारा कतारी नाखवा काय म्हणतो ते एका रकान्यात लिहा. शेजारच्या रकान्यात तेच पिंजरे दुरुस्त करणारा बंगाली किंवा तमिळ खलाशी काय म्हणतो ते लिहा. तिसरा रकाना रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात जाऊन भरता येईल. जिथे एका रकान्यात शब्द आहे आणि दुसऱ्यात नाही, तिथे खूण करा आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटा.